भावाची सांजांवच्या रात्रीची केस: पहिल्या तारखेला कोर्टात काय होतं?

मयेकरीण

नमस्कार. प्रश्न धाकट्या भावाचा आहे, पण तो तोंडच उघडत नाही म्हणून मी लिहितेय.

24 जूनला, सांजांवला (आमच्या गोव्यातला सेंट जॉनचा सण), तो मित्रांबरोबर शिवोलीला सणाच्या सजवलेल्या होड्या बघायला गेला होता. होड्या संध्याकाळीच आटोपल्या, ही मंडळी रात्रीपर्यंत तिथेच. साडेअकराच्या सुमारास म्हापशाकडे येताना पोलिसांनी स्कूटर थांबवली आणि अल्कोमीटरमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला 86. स्कूटर ठेवून घेतली, लायसन घेतलं, इस्पितळात नेऊन रक्त काढलं. पहाटे बाबांनी जाऊन सही केली तेव्हा सोडलं. कुणाला धडकला नाही, पडला नाही, डोक्यावर हेल्मेट होतं. बाबा तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. आई ताटात वाढते आणि आत निघून जाते.

आता म्हापशाच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं समन्स आलंय, 17 तारखेचं. त्यावर मोटर वाहन कायदा, कलम 185 एवढंच लिहिलंय. भाऊ ऑक्टोबरात बोटीवर जाणार आहे, क्रूझच्या किचनमध्ये, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. एजंटाने पोलीस क्लिअरन्स मागितलाय. खरी धास्ती त्याची आहे.

शेजारचे काका म्हणतात, दंड भरा, अर्ध्या तासाचं काम. मावशीचे यजमान म्हणतात, लोकअदालतीची वाट बघा, निम्म्यात सुटतं. त्याचा मित्र म्हणतो, काही झालं तरी कबूल करू नको. मला एकाचंही पटत नाही, कारण तिघांपैकी एकही कोर्टात गेलेला नाही. कुणी खरंच गेलेलं असेल तर सांगा.

---

पर्वरीचा पाहुणा

पोलीस स्थानकात कुणी ओळखीचं असेल तर आधी तिथे बोलून बघा. समन्सच्या आधीच मिटायला हवं होतं हे.

---

चोर्ला घाट

पर्वरीकर, समन्स आलं म्हणजे कागद कोर्टात पोचले. आता स्थानकात कुणाच्या पाया पडून काही होत नाही, उलट ओळखीचा म्हणून जो भेटतो तो पैसे खाऊन गप्प बसतो. मी हे करून बसलोय, म्हणून सांगतो.

बाय, मी गेलो होतो कोर्टात. सगळं सांगतो, थोडं लांबेल.

माझा पिकअप आहे. संध्याकाळी बेळगावला भाजी भरायची, रात्री चोर्ला घाट उतरायचा, पहाटे चारला म्हापशाच्या मार्केटात खाली करायची. वीस वर्षं हेच. आणि या वीस वर्षांत माल भरलेला असताना कधी थेंब घेतला नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. पण 2022 साली मावसभावाच्या लग्नाला साखळीला गेलो, रिकामा टेम्पो घेऊन. घर केरीला, अंजुण्याच्या धरणाकडे, म्हटलं हाकेवर तर आहे. काजूची फेणी होती, घरची. तीन घेतल्या की चार, ते पोलिसांनी विचारलं तेव्हाही मला आठवलं नाही. आकडा 112. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. म्हणजे मी जवळजवळ चौपट.

मे महिन्यात डिचोलीच्या कोर्टात तारीख पडली. मी वकील केला नाही. मलाही असाच एक काका भेटला होता, अर्ध्या तासाचं काम म्हणणारा. मी त्या दिवशी दुपारी बेळगावला निघायचं ठरवूनच आलो होतो, व्यापाऱ्याला तसा फोनसुद्धा केला होता. साडेनऊला व्हरांड्यात जाऊन बसलो. तिथे पन्नासेक माणसं. चेकवाले, भांडणवाले, बागायतीच्या हद्दीवरून मारामारी केलेले दोन सख्खे भाऊ, तेही एकाच बाकावर. शिपाई नाव पुकारतो ते निम्मं कळत नाही. माझं आडनाव त्याने असं काही उच्चारलं की शेजारच्या पोलिसाने मला ढोसलं तेव्हा मी उठलो.

आत गेल्यावर न्यायाधीशांनी आरोप समजावून सांगितला, कोकणीतच. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, दारू पिऊन वाहन चालवलं, यंत्रात इतका आकडा आला. गुन्हा कबूल आहे का? मी म्हटलं, आहे. त्यांनी परत विचारलं, काय कबूल करता ते समजलं ना, कुणाचा दबाव नाही ना? मी म्हटलं, समजलं, नाही. माझा एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेअकरा झाले होते.

मग त्यांनी शिक्षा सांगितली. दहा हजार दंड. मी खिशात हात घातला, पैसे आणलेच होते. आणि पुढे म्हणाले, लायसन सहा महिने अपात्र.

मी म्हटलं, काय म्हणालात?

ते एक वाक्य मला कुणी सांगितलंच नव्हतं. दंडाचा आकडा गावातल्या पोरांना पाठ आहे, लायसनचं कुणी बोलत नाही. बेळगावची भाजी गाठायला मी घाईने कबूल केलं, आणि त्याच कबुलीने टेम्पोवरून उतरलो. त्या रात्री व्यापाऱ्याने दुसरी गाडी धरली. पुढे सहा महिने बदली ड्रायव्हर ठेवला, महिना 18,000. हिशेब तूच कर. दंड दहा हजारांचा होता, खड्डा लाखाच्या वर गेला. आणि त्या बदली ड्रायव्हरने घाटात गिअरबॉक्सची काय वाट लावली ते तर मी धरतच नाही.

माझ्याच दिवशी एक साखळीचा माणूस होता, त्याचंही 185. त्याने वकील आणला होता, तो म्हणाला, कबूल नाही. त्याला पुढची तारीख मिळाली. मी मनात म्हटलं, बघ कसा वेडा, आता घालतोय चकरा. चकरा त्याने घातल्याच. कधी पोलीस साक्षीला नाही, अधिकारी काणकोणला बदलून गेलेला, कधी वकिलांचा संप. दोन वर्षांवर चाललं आणि तो सुटला. यंत्राचे कागद जुळले नाहीत म्हणे. पण तो सुटला तोपर्यंत माझं लायसन परत येऊन पावणेदोन वर्षं झाली होती. आमच्यात शहाणा कोण, ते आम्हाला दोघांनाही अजून ठरवता आलेलं नाही. भेटला की चहा तोच पाजतो.

तुझ्या भावाचं वेगळं आहे. त्याचं पोट लायसनवर नाही, बोटीवर आहे. म्हणून माझं उदाहरण जसंच्या तसं लावू नकोस. वकिलाला विचार, पण तारखेच्या आधी विचार. व्हरांड्यात उभं राहून विचारू नकोस.

---

काळा कोट

घाटवाल्या दादांनी जे अनुभवाने सांगितलं ते कायद्यात तसंच लिहिलेलं आहे. कलम 185 ला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे 2019 च्या दुरुस्तीतले, त्याआधी पहिल्या वेळी दोन हजार होते. काका बहुधा त्या काळातले असावेत. आणि दोष सिद्ध झाला, कबुलीने का होईना, तर कलम 20 खाली कोर्टाने लायसन किमान सहा महिने अपात्र ठरवायचंच आहे.

लायसनला दोन वाटा आहेत, लोक त्या एक समजतात. पोलिसांनी लायसन घेऊन आरटीओकडे पाठवलं की आरटीओ स्वतःहून तीन महिने अपात्र ठरवू शकतं, कोर्टाची केस संपायची वाट न बघता. त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून आरटीओची नोटीस आली तर कपाटात टाकू नका. त्या आदेशावर 30 दिवसांत अपील करता येतं. कोर्टाची अपात्रता ही दुसरी वाट. या काळात "गल्लीतच जातोय" म्हणून स्कूटर काढली तर कलम 182, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही.

लोकअदालतीचं विसरा. वेग, सिग्नल, हेल्मेट यांचं चलन जागेवर मिटतं कारण कायदा तशी तडजोड करू देतो. 185 त्या यादीत नाही. जो गुन्हा तडजोडीचा नाही तो लोकअदालतीत जात नाही. मावशीच्या यजमानांनी चलन भरलं असेल, केस नव्हे.

हा जामीनपात्र गुन्हा आहे, म्हणून बाबांच्या सहीवर सोडलं. 17 तारखेला काय होईल? नाव पुकारतील, हजेरी लागेल. तुमच्या वकिलाने वकालतनामा दाखल करून कागदांच्या प्रती मागाव्यात. अल्कोमीटरची छापील चिठ्ठी, त्यावर वेळ आणि भावाची सही, अटकेची नोंद, डॉक्टरांचा कागद, रक्ताचा अहवाल आला असेल तर तो. हे वाचल्याशिवाय "कबूल" किंवा "नाकबूल" यातलं काहीही बोलू नका. वाचायला वेळ हवा म्हणून तारीख मागण्यात गैर काही नाही आणि न्यायाधीश त्याने रागावत नाहीत. अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी असं कलम 202 सांगतं, म्हणून वेळा नीट बघा.

नाकबूल म्हटलं तर साक्षी होतात. ज्याने यंत्र धरलं तो अधिकारी, पंच, डॉक्टर. साक्षीदार कोकणीत बोलतो, कागदावर इंग्रजीत उतरतं, तेव्हा वकील जागा असावा लागतो. मग आरोपीचा जबाब, युक्तिवाद, निकाल. निकाल विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात अपील. कबुलीवर शिक्षा झाली की अपील फक्त शिक्षेपुरतं उरतं, "मी प्यालोच नव्हतो" हे नंतर म्हणता येत नाही.

आता बोटीचं. इथे मी तुमच्या भावाच्या मित्राशी असहमत आहे. कागद पक्के असतील तर नाकबूल म्हणून केस लांबवणं म्हणजे ऑक्टोबरात हातात "प्रलंबित खटला" घेऊन एजंटासमोर उभं राहणं. क्लिअरन्सला नेमकं तेच अडतं. वर मुलगा समुद्रात आणि इथे तारीख, गैरहजेरीत वॉरंट निघतं. वकील हजेरीची सूट मागू शकतो, पण ती न्यायाधीशांच्या मर्जीची. उलट संपलेली केस, दंड भरलेला, ही निदान फॉर्मवर खरी लिहिता येते. लपवू मात्र नका. फॉर्ममध्ये दोषसिद्धी विचारली तर लिहायचीच. पहिलाच गुन्हा आणि वय बघून प्रोबेशन, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका, मागता येतो, मिळेलच असं नाही. घरी ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा, उत्पन्नाची मर्यादा असते.

---

रात्रपाळी

मी इस्पितळात कॅज्युअल्टीला आहे, पोलीस घेऊन येतात त्यांचं रक्त काढायचं काम आमच्याकडे. सांजांव, चतुर्थीनंतरचे दिवस, कार्निव्हल, 31 डिसेंबर, या रात्री आम्हाला कॅलेंडर बघावं लागत नाही.

दोन गोष्टी, ताई, कारण त्यावरून नंतर घरोघरी वकिली चालते. एक, हे रक्त काढताना आम्ही त्वचा स्पिरिटने पुसत नाही. बाटलीत फ्लोराइड असतं, नाहीतर रक्त ठेवल्या ठेवल्या आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. सील, लेबल, वेळ, सही. मग ते वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत जातं.

दुसरी. अहवालात 86 येणार नाही. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं, कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. साडेअकराला 86 असेल आणि एक वाजता रक्त काढलं असेल तर साठच्या आसपास. लोक येऊन म्हणतात, बघा, दोन आकडे जुळत नाहीत, म्हणजे यंत्र खोटं. ते जुळले तरच मला शंका आली असती.

आणि लिंबूपाणी, ताक, कच्चा कांदा, यातल्या कशानेही तो आकडा खाली येत नाही. कांदा खाऊन आलेल्या माणसाला तपासणं ही वेगळी शिक्षा, ती आम्हाला.

---

पर्वरीचा पाहुणा

माझं पहिलं मत मागे घेतो. पण एक विचारतो, 86 म्हणजे नेमकं किती? मुलगा दोन बिअर म्हणत असेल.

---

रात्रपाळी

सगळेच दोन बिअर म्हणतात. हुर्राकचं, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचं, उदाहरण घ्या, त्यात साधारण 15 टक्के अल्कोहोल धरा. 200 मिलिलिटरचा एक ग्लास, लिम्का आणि मिरची घालून, सरबतासारखा जातो, आणि त्यात जवळपास 24 ग्रॅम अल्कोहोल. 70 किलोच्या माणसाला तेवढ्यानेच 50 च्या जवळ. एका ग्लासात मर्यादा ओलांडली. दुसरा ग्लास ते "सरबतच तर आहे" म्हणून घेतात.

---

चोर्ला घाट

फेणीचं विचारू नका.

बाय, एक राहिलं. कुणाला धडकला नाही असं तू लिहिलंस, ते वाचून मी दोन वेळा देवाला हात जोडले. 2023 च्या ऑगस्टात बाणस्तारीच्या पुलावर गाडीच्या धडकेत तिघे मेले, त्या केसला सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. मी त्या पुलावरून त्याच्या आदल्या आठवड्यात गेलो होतो. नुसती कुणाला इजा झाली असती तरी तुझ्या भावाच्या समन्सवर 185 एकटं नसतं, आणि आपण इथे दहा हजारांच्या गोष्टी करत बसलो नसतो.

स्कूटर सोडवली का? आरसी, विमा घेऊन लायसन असलेल्या माणसाने जायचं. उशीर करू नका, पावसात उघड्यावर पडली की बॅटरी जाते. माझ्या टेम्पोत तर पोलिसांच्या आवारात मांजर व्याली होती.

---

मयेकरीण

सगळ्यांचे आभार. 17 ला काय झालं ते सांगते.

म्हापशातले एक वकील केले. त्यांनी प्रती मागितल्या, तीन आठवड्यांची तारीख मिळाली. प्रयोगशाळेचा अहवाल आला, 61. रात्रपाळीताई, मी तो आकडा वाचला आणि भावाकडे बघितलं. त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाला, तीन हुर्राक होत्या, आणि वर कुणीतरी आणलेली बिअर. वकील म्हणाले, वेळा जुळतात, सह्या आहेत, डॉक्टरांचा कागद दोन तासांच्या आतला आहे. लढायचं तर लढू, पण मी तुमचे पैसे उगाच घेईन.

काल कबूल केलं. न्यायाधीशांनी तीच दोनदा विचारायची पद्धत, समजलं ना, दबाव नाही ना. प्रोबेशन वकिलांनी मागितला, मिळाला नाही. दहा हजार दंड, सहा महिने लायसन अपात्र, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. मला वाटलं तुरुंगात नेणार, माझे पायच गेले. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे तिथेच मागच्या बाकावर बसायचं, संध्याकाळी न्यायाधीश उठले की घरी. पाच तास बसला. मोबाईल नाही, काही नाही, दुसऱ्यांच्या केसेस ऐकत. बाबा व्हरांड्यात बसले होते, आत आले नाहीत. दंडाची पावती मात्र त्यांनी घेतली आणि शर्टाच्या खिशात घडी करून ठेवली.

एजंटाला फोन केला. तो म्हणतो, केस संपली असेल तर निकालाचा कागद पाठवा, मग बघू.

---

चोर्ला घाट

पावतीवर राहू नकोस. निकालाची सर्टिफाइड प्रत मागायची, अर्ज करावा लागतो. एकदम तीन काढ, एक एजंटाला, एक आरटीओला, एक घरी. सहा महिने संपले की लायसन आपोआप चालत येत नाही, आरटीओत जाऊन मागावं लागतं.

---

मयेकरीण

अर्ज दिलाय, दादा. दोनच मागितल्या होत्या, तिसरी सोमवारी मागते. स्कूटर मी आणली घरी, प्लास्टिक घालून ठेवलीय. कदंबाच्या बसने जाऊ दोघं.